आम्हाला म्हटलं होतं मी

उत्तरपत्रिकेच्या अकराव्या पानावर तीन ठिकाणी खाडाखोड आहे. उत्तरपत्रिका तिची, उत्तरं तिची, अक्षर माझं, आणि ती खाडाखोडही माझीच. दोन वर्षं होऊन गेली. तो गठ्ठा कुठल्या गोदामात पडला असेल, कदाचित रद्दीतही गेला असेल, पण मला ते पान अजून जसंच्या तसं दिसतं, डावीकडे लाल समास, ओळीच्या मध्येच काट मारलेला शब्द आणि त्याच्यावर दाटीवाटीनं बसवलेला दुसरा.

आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज आला होता, "अर्जंट रायटर हवी, एम.ए. समाजशास्त्र, मराठी माध्यम, उद्या सकाळी दहा." मी बी.कॉम., म्हणजे नियमात बसत होते, कारण रायटर, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देणारा, त्याच्यापेक्षा एक पायरी तरी कमी शिकलेला लागायचा. अक्षराचं म्हणाल तर बावीस वर्षं प्रूफं तपासतेय, समासात मुंगीएवढ्या अक्षरात दुरुस्त्या लिहायची सवय आहे. गेले. आम्हाला वेगळी खोली दिली होती, तळमजल्यावरची, एका भिंतीला जुनी कपाटं लावलेली, आणि पंखा प्रत्येक फेरीला टक् असा आवाज करायचा. ती माझ्या आधी येऊन बसली होती. पांढरी काठी घडी करून मांडीवर, मनगटावर ते घड्याळ, ज्याची काच झाकणासारखी उघडते आणि बोटानं काटे चाचपता येतात. तीन तासांचा पेपर, तिला तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे एकूण चार तास. एवढं सलग हातानं लिहायला मला जमेल का ही माझी काळजी, आणि तिची काळजी वेगळीच, तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, "ताई, तुम्ही जोडाक्षरं नीट लिहिता ना? मागच्या वेळच्या रायटरनं 'दृष्टी'चं 'द्रुष्टी' केलं होतं, बोलणी मला बसली."

पेपर अपंगत्व अभ्यासाचा होता. असा एक विषय असतो, तो एम.ए.ला शिकवतात, हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलं आजार, उपचार, योजना, सवलती असलं काहीतरी असेल. चौथा प्रश्न होता, अपंगत्वाच्या सामाजिक प्रारूपाचे चिकित्सक परीक्षण करा. मी तो दोनदा वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली, अंगठ्यानं दुसऱ्या हाताचं नख घासत, आणि मग सांगायला लागली. सलग, पूर्ण वाक्यं, मध्ये 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद' असं सुद्धा स्वतःच सांगत. माझा हात तिच्या मागे धावत होता. त्यातलं एक वाक्य असं होतं, "ज्या जिन्याला कठडा नाही तो जिना आम्हाला पाडतो, आमचे डोळे आम्हाला पाडत नाहीत."

मी लिहिलं, "ज्या जिन्याला कठडा नाही तो जिना अपंग व्यक्तींना पाडतो, त्यांचे डोळे त्यांना पाडत नाहीत."

मुद्दाम नाही केलं. खरं सांगते, मला कळलंसुद्धा नाही. परिच्छेद संपल्यावर ती म्हणाली, "जरा वाचून दाखवता?" मी वाचलं. ती थांबली. पंख्याचं टक् टक् तेवढं ऐकू येत होतं. मग अगदी हळू म्हणाली, "आम्हाला म्हटलं होतं मी." मी म्हटलं, "अगं हो, पण उत्तरपत्रिकेत असं स्वतःबद्दल, म्हणजे परीक्षकाला कदाचित..." तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "ताई, तुम्ही रायटर आहात ना." आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता, पण माझे कान गरम झाले. तिन्ही ठिकाणी काट मारली आणि वर लिहिलं, आम्हाला, आमचे, आम्हाला.

घरी येताना बसमध्ये उजवा हात दुखत होता आणि मी सारखा तोच विचार करत होते, की हे झालं कसं. रायटरनं सांगितलंय तेच लिहायचं, हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग लक्षात आलं की ही माझ्या हाताची बावीस वर्षांची सवय आहे. संशोधनाचे लेख आमच्याकडे छापायला येतात, त्यात कुणी 'मी' किंवा 'आम्ही' लिहिलं की आम्ही त्याचं 'प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले' करतो. कुणी शिकवलं म्हणून नाही, तसंच करायचं असतं म्हणून. ज्ञान म्हटलं की ते कुणाच्याच तोंडचं नसतं, वरून कुठूनतरी आल्यासारखं असतं, अशी एक पक्की समजूत माझ्या बोटांत बसलेली. आणि ती मुलगी समोर बसून, चार तासांच्या मुदतीत, स्वतःच्या आयुष्याबद्दल उत्तर देत होती, तरी तिच्या तोंडचा 'आम्हाला' मला चूक वाटला.

पेपर संपल्यावर तिनं नंबर घेतला होता. पंधरा दिवसांनी फोन आला, रविवारी वाचून दाखवाल का. तिथून आमचे रविवार सुरू झाले. तिच्याकडे पुस्तकं होती, मित्रमैत्रिणींनी पाठवलेल्या फाइली होत्या, पण निम्म्या फाइली म्हणजे पानांचे नुसते फोटो, तिच्या लॅपटॉपवरच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला, त्यात अक्षर म्हणून काही सापडतच नाही. राहिलेल्या मराठी फाइली जुन्या फॉन्टमधल्या. एकदा तिनं मला ऐकवलं. पडद्यावर मला स्वच्छ सुंदर मराठी दिसत होतं, समाज, संस्कृती, शरीर, आणि स्पीकरमधून यंत्राचा आवाज येत होता, एन, डब्ल्यू, व्ही, एच, डॉलर, कंस पूर्ण. कारण युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या त्या फॉन्टांमध्ये आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर नुसता मराठीचा मुखवटा. मी त्याच प्रकारच्या फॉन्टमध्ये रोज आठ तास काम करते. माझ्या हातून गेलेली शेकडो पुस्तकं, ज्यांतली एकेक वेलांटी मी डोळ्यांत तेल घालून तपासली, ती सगळी तिच्यासाठी डॉलर आणि कंस. तो आवाज ऐकताना पोटात खड्डा पडला माझ्या. न दिसणं तिचं होतं, पण ते पुस्तक तिच्यासाठी बंद केलं होतं आमच्या टेबलानं.

आणि गंमत नाही, तिनं परीक्षेत नेमकं हेच लिहायला सांगितलं होतं. ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेनं १९७६ साली एक भेद मांडला, की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेवर समाज जे बंधन लादतो ती दुसरी गोष्ट, आणि खरं अपंगत्व म्हणायचं ते दुसऱ्या गोष्टीला. पुढे माइक ऑलिव्हर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये त्याला 'सोशल मॉडेल', म्हणजे चौथ्या प्रश्नातलं ते सामाजिक प्रारूप, असं नाव दिलं. हा ऑलिव्हर सतराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात सूर मारताना मान मोडून व्हीलचेअरवर आलेला माणूस, पुढे ग्रिनिचच्या विद्यापीठात याच विषयाचा प्राध्यापक झाला. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, इम्पेअरमेंट आणि डिसअ‍ॅबिलिटी. मराठीत त्यासाठी जे शब्द करतात ते जीभ अडखळावी असे. तिनं काय केलं होतं माहितेय? तिनं सांगितलं, "लिहा, इम्पेअरमेंट म्हणजे अडचण आणि डिसअ‍ॅबिलिटी म्हणजे अडवणूक." अडचण आणि अडवणूक. अडचण असते, अडवणूक कुणीतरी करतं. इतकी वर्षं शब्दांत घालवली मी, पण हे मला सुचलं नसतं. मोठमोठ्या परिभाषा कोशांची मी प्रूफं तपासलीत, तिथं असला शब्द सापडत नाही कारण तो शब्द कोशात बसून सापडणारा नाही, बस स्टॉपवर उभं राहून सापडणारा आहे.

रविवारी मी वाचायचे, ती रेकॉर्ड करायची, मध्येच थांबवून प्रश्न. इंग्रजी वाचताना माझे उच्चार चुकायचे, ती हसायची नाही, नुसतं बरोबर काय ते सांगायची. असंच एका रविवारी व्हिक फिंकेलस्टीनचं वाचलं. दक्षिण आफ्रिकेतला, वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगात गेलेला, नंतर ब्रिटनला येऊन राहिलेला, व्हीलचेअर वापरणारा. त्यानं एक कल्पनेतलं गाव रचलंय. त्या गावात सगळे व्हीलचेअरवाले, म्हणून त्यांनी घरं आपल्या सोयीची बांधली, दारं पाच फुटांची ठेवली. मग तिथं काही चालणारी माणसं राहायला आली आणि त्यांची डोकी चौकटीला आपटायला लागली, कपाळावर टेंगळं. डॉक्टर आले, त्यांनी त्यांना हेल्मेटं दिली. मी वाचता वाचता थांबले, मला आमच्या गावच्या वाड्याचा दिंडीदरवाजा आठवला. तिथं सगळेच वाकून जायचे, पाटील असो की पोस्टमन, आणि कुणाला आपण उंच असल्याचं दुखणं आहे असं वाटलं नाही.

पण मला जे खरं लागलं ते पॉल हंटचं. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला ल कोर्ट म्हणून अपंगांचं निवासगृह होतं, चेशायर होम, त्यातलेच एक आपल्याकडे अंधेरीलाही आहे. हंट तिथं राहायचा, स्नायू झिजत जाण्याचा आजार. तिथल्या लोकांनी कधी झोपायचं, केव्हा बाहेर जायचं असल्या साध्या गोष्टींसाठी व्यवस्थापनाशी भांडणं केली होती. साठच्या दशकात त्यांनी स्वतःहून संशोधकांना बोलावलं, या, आमची बाजू समजून घ्या, मदत करा. संशोधक आले, राहिले, टिपणं घेतली. १९७२ ला त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात निघालं काय, तर समाजाच्या लेखी ही माणसं मेल्यातच जमा आहेत आणि या सामाजिक मरणापासून खऱ्या मरणापर्यंतचा प्रवास सुसह्य करणं हे अशा संस्थांचं काम. ज्यांनी विश्वासानं दार उघडलं त्यांच्याबद्दल हे लिहिलं, आणि आम्ही तटस्थ आहोत म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंटनं गार्डियनला पत्र लिहून संघटनेची हाक दिली, वर म्हटलेला १९७६ चा भेद याच संघटनेचा. त्या पुस्तकाला त्यानं जे उत्तर लिहिलं ते त्याच्या मृत्यूनंतर १९८१ ला छापून आलं. त्यात तो विचारतो, बांडगूळ नक्की कोण, आम्ही की आमच्यावर जगणारे हे तज्ज्ञ?

ते वाचून झालं तेव्हा ती काही बोलली नाही. रेकॉर्डिंग बंद करायचं बटण दाबलं फक्त. मला अकरावं पान आठवलं. त्या संशोधकांनी काय केलं होतं शेवटी? सांगणाऱ्यानं 'आम्हाला' सांगितलं, लिहिणाऱ्यानं 'त्यांना' लिहिलं.

बाबांची एक आत्या होती. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावच्या घरात राहायची, तिला ऐकू यायचं नाही आणि म्हणून बोलायचीही नाही. सगळे तिला मुकीआत्या म्हणायचे, आम्ही पोरं, गडीमाणसं, शेजारीपाजारी, सगळे. तिनं मात्र घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं एक नाव दिलं होतं. बाबांचं नाव म्हणजे मिशीवरून फिरवलेलं बोट, आजोबांचं नाव म्हणजे टोपी नीट करण्याची खूण, आणि माझं नाव म्हणजे कानाची पाळी दोनदा ओढणं, कारण लहानपणी माझ्या कानात डूल होते. डूल हरवले त्याला जमाना झाला तरी तिच्या लेखी मी कानाची पाळीच. पापड लाटताना तिचे हात पिठानं भरलेले असायचे, मग ती कोपरानं कान घासून मला बोलवायची. ती झोपायची ओसरीवर. घरातल्या बाकी बायका आत, माजघरात, आणि ओसरीवर आलेगेले पुरुष, सालगडी, पाहुणे, त्यांच्यातच एका कडेला ती. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. मग एका रविवारी अनिता घई यांचा लेख वाचत होते, दिल्लीच्या अभ्यासक, पोलिओ झालेल्या, आपल्याकडे हा विषय विद्यापीठात रुजवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी लिहिलंय की ज्या उत्तर भारतीय घरांत मुलींना चुलत-मामे भावांबरोबर एका खोलीत झोपायला बंदी असते, तिथं अपंग मुलीला मात्र ही बंदी नसते. कारण तिला कुणी बाई धरतच नाही. मी ते मोठ्यानं वाचत होते आणि आवाज फुटेना. चाळीस वर्षांनी मला ओसरी दिसली.

आत्या गेली तेव्हा मी नववीत होते. दशक्रियेची पत्रिका छापायची होती, बाबांनी कच्चा मजकूर माझ्यापुढे टाकला, शुद्धलेखन बघ म्हणाले. आयुष्यातलं पहिलं प्रूफ. त्यात नावाची जागा कोरी होती. घरात कुणाला चटकन आठवेना, शेवटी रेशनकार्ड काढलं आणि त्यावरून नाव लिहिलं. फार छान नाव होतं. इथं लिहावंसं वाटतंय पण लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही, आणि तिच्याबद्दल इतकं सगळं न विचारता लिहून बसलेच आहे. हे लिहिताना सुद्धा मनात खुपतंच की मीही तिचं उदाहरणच करून टाकलं. पण मग तिच्याबद्दल कुणी काहीच लिहायचं नाही का, हेही पटत नाही. या विषयानं मला हे एक देऊन ठेवलंय, लिहिताना हात जरा थबकतो.

लोकांना हा विषय सांगायला गेलं की ते म्हणतात, म्हणजे स्पेशल बी.एड. का? नाही. मुलांना ब्रेल कसं शिकवायचं, फिजिओथेरपी कशी द्यायची, ही शास्त्रं वेगळी आणि फार गरजेची आहेत. अपंगत्व अभ्यास उलटीकडून बघतो. तो विचारतो की 'धडधाकट' म्हणजे काय हे कुणी ठरवलं, आपल्या म्हणींमध्ये आंधळं दळतं तेव्हा कुत्रंच का पीठ खातं, ४० टक्के अपंगत्व असा आकडा सर्टिफिकेटवर येतो तर माणूस टक्क्यांत मोजतात कसा, अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते ते २०१६ मध्ये एकवीस झाले म्हणजे नेमकं काय बदललं, माणसं की बघणारे. शब्दांचंही तसंच. सरकारी कागदांत 'दिव्यांग' आलं तेव्हा आमच्या ऑफिसात एका जाडजूड अहवालात एका फटक्यात सगळे 'अपंग' बदलून टाकले होते, मीच बटण दाबलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "मला दिव्य नको, कठडा हवा." तिच्या काही मैत्रिणींना मात्र 'दिव्यांग' आवडतो, लहानपणापासून 'आंधळी' ऐकलेल्या कानांना तो बरा वाटतो म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही.

२०१६ च्या त्या कायद्याचं कलम ४७ तिनं मला तीनदा वाचायला लावलं. सर्व विद्यापीठांनी अपंगत्व अभ्यासाच्या अध्यापनाला आणि संशोधनाला चालना द्यावी, त्यासाठी अभ्यासकेंद्रंही स्थापावीत, असं त्यात सरळ लिहिलंय. सर्व विद्यापीठांनी. देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये असं केंद्र आहे, हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात आहे. नालसारच्या केंद्राला सुप्रीम कोर्टानं सुगम्यतेबद्दल अहवाल करायला सांगितलं, त्यांनी अपंग माणसांचे स्वतःचे अनुभव त्यात घेतले, आणि तो समोर ठेवून कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारच्या नियमावलीतला १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण रॅम्प, लिफ्ट, वेबसाइट हे सगळं त्यात नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर सोडलं होतं, सक्ती नव्हती. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, विद्यापीठातला एक विभाग, आणि त्याच्या कागदावरून देशाचा नियम हलतो. पण मराठीतून एम.ए. करणाऱ्या मुलीला वाचायला या विषयाचं काय मिळतं, तर बहुतेक इंग्रजीच, आणि मराठी मिळालंच तर ते डॉलर-कंस. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' मी तिला वाचून दाखवलं, कोल्हापुरात राहून लिहिलेलं, व्हीलचेअरवरच्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. त्या दिवशी तिनं एकदाही थांबवलं नाही. उठताना म्हणाली, "सगळा 'मी' आहे यात."

आता ती पीएच.डी.च्या तयारीत आहे. विषय तिचाच, खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या अंध मुलींबद्दल. गेल्या आठवड्यात पहिल्या मसुद्याची फाइल पाठवली, युनिकोडमध्ये, "ताई, प्रूफ बघा, पण फक्त प्रूफ" असं लिहून. मसुद्यात तिनं सगळीकडे 'आम्ही' वापरलंय. कुणीतरी मोठ्या माणसानं तो आधी वाचलेला दिसतो, कारण शेजारी कॉमेंट आहे, संशोधनात 'आम्ही' टाळा, तटस्थ लिहा. तिनं मला फोनवर विचारलं, व्याकरणात चूक आहे का? मी म्हटलं, व्याकरणात काडीची चूक नाही. "मग राहू दे," म्हणाली. मागे तिचा स्क्रीन रीडर इतक्या जोरात धावत होता की मला एक अक्षर कळेना, ती त्याच वेगानं वाचते.

इंग्रजीत 'वुई' एकच असतो. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येतो. तिच्या 'आम्ही'त मी नाही, आणि ते तसंच बरोबर आहे, हे मला अकराव्या पानानं शिकवलं. आज सकाळी चहा घेऊन बसले आणि मसुदा पुरा केला. अनुस्वार, वेलांट्या, दोन ठिकाणी सुटलेला पूर्णविराम. बाकी हात लावला नाही. फक्त चौदाव्या पानावर, हॉस्टेलच्या जिन्याबद्दलच्या परिच्छेदात, एका वाक्यात 'आम्हाला'च्या जागी 'आपल्याला' पडलंय. रात्री दिवे गेल्यावर तो जिना आपल्याला सारखाच, असं वाक्य आहे. टायपिंगची चूक असेल. नसेलही. मी ते दुरुस्त केलं नाही, कडेला प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. ती क्लासवरून साडेसातला येते, तेव्हा फोन करून विचारेन.